बियाणे मोबाइलवर, दाद मात्र परभणीतच

मोंढ्यातल्या बियाणे दुकानाला परवाना लागतो. साठा आणि भाव फलकावर लिहावे लागतात, बिल द्यावे लागते. हे १९८३च्या बियाणे नियंत्रण आदेशाने बंधनकारक आहे. मोबाइलवर सोयाबीनची बॅग विकणाऱ्याचा परवाना मात्र शेतकऱ्याला दिसतच नाही. जाहिरातीखालीच परवाना क्रमांक छापण्याची सक्ती कृषी विभागाने करावी.

बियाणे उगवलेच नाही तर? विक्रेता दिल्लीचा असला तरी २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार परभणीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. बियाणे घेणारा शेतकरी ग्राहकच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये दिला. मात्र बिल, पिशवीवरचा टॅग आणि मूठभर बियाणे जपून ठेवा. पेरणीच्या घाईत नेमके तेच फेकले जाते.