एका दिवसाची अनेक नावे

२६ जानेवारी हा दिवस साऱ्या देशाचा एकच. पण त्याची नावे मात्र अनेक. मराठी आणि गुजराती त्यास प्रजासत्ताक दिन म्हणतात, हिंदी गणतंत्र दिवस, कन्नड गणराज्योत्सव, उर्दू यौमे जम्हूरिया. बंगाली व ओडिया यांत साधारणतंत्र हा शब्द वावरतो, तमिळने कुडियरसु हा स्वतःचा शब्द योजिला, तर मलयाळमने रिपब्लिक हाच शब्द आपलासा केला. या विविधतेकडे परिभाषेतील गोंधळ म्हणून पाहणे योग्य नव्हे. एका नव्या राज्यकल्पनेला प्रत्येक भाषेने आपल्या पूर्वसंस्कारांतून दिलेले ते उत्तर आहे.

यांतील एकही शब्द कोरा नाही. 'प्रजा' हा राजसापेक्ष शब्द. राजाच नसेल तर प्रजा कोणाची? परंतु त्यास 'सत्ता' जोडताच जुने नाते उलटते, आणि हा अंतर्विरोधच त्या समासाचे बळ ठरतो. 'गण' शब्दामागे वैशालीच्या लिच्छवींची परंपरा उभी आहे. पण तेथील सत्ताही मोजक्या कुळांपुरतीच होती. संविधानाच्या मराठी उद्देशिकेत 'गणराज्य' आहे, उत्सवाच्या नावात 'प्रजासत्ताक'. हिंदी उद्देशिका 'पंथनिरपेक्ष' म्हणते, मराठी 'धर्मनिरपेक्ष'. धर्म आणि पंथ यांतील हे अंतर केवळ कोशकारांनी मिटवावे इतके किरकोळ नाही.

संविधान सभेने २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले ते इंग्रजीत. १९३० पासून स्वातंत्र्यदिन म्हणून पाळल्या गेलेल्या २६ जानेवारीचे स्मरण राखून १९५० साली त्याच दिवशी ते अमलात आले. हिंदी पाठास प्राधिकृत स्थान मिळण्यास १९८७ ची ५८ वी घटनादुरुस्ती यावी लागली. सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज आजही इंग्रजीतच चालते. म्हणजे नागरिकाने आपला हक्क एका भाषेत समजून घ्यावयाचा आणि त्याचा निवाडा दुसऱ्या भाषेत ऐकावयाचा, अशी ही स्थिती आहे.

देशभर एकच परिभाषा लादणे हा यावरील उपाय नव्हे. त्याने कार्यालयांची सोय होईल, अर्थाची नव्हे. आठव्या अनुसूचीतील २२ भाषांमध्ये संविधानाचे शब्द कसे घडले, कोणते रुजले आणि कोणते केवळ राजपत्रात राहिले, याचा तौलनिक अभ्यास साहित्याच्या अभ्यासकांनी आपले काम मानला पाहिजे. हा मजकूर विधी विभागाच्या अनुवादकांवर सोपवून कथा-कवितेपुरते अनुवादशास्त्र चालविणे, हे विद्येच्या दृष्टीने अपुरे आहे. २०१५ पासून २६ नोव्हेंबर हा संविधान दिन म्हणून साजरा होतो आणि उद्देशिकेचे सामूहिक वाचनही होते. ते इष्टच, पण पठण म्हणजे आकलन नव्हे.

राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, या विसंगतीबद्दल डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेस सावध केले होते. ती विसंगती शब्दांनी मिटणार नाही, हे खरे. परंतु ज्या हक्काला आपल्या भाषेत नेमके नाव नाही, तो हक्क मागण्यासाठी माणूस दुसऱ्याच्या जिभेवर अवलंबून राहतो. आणि तोवर तो प्रजाच असतो, सत्ताधारी नव्हे.