मुक्तिफौजेचे तारण झाले नाही काय?

‘बाप्तिस्मा नाही तर तारण नाही; विश्वास असूनही थांबणारे भित्रे’ हे गेल्या आठवड्यातले पत्र वाचून चीड आली. लेखकांनी मार्काच्या सोळाव्या अध्यायातले एक वचन पुढे केले आणि विषय निकालात काढला. त्याच वचनाचा उत्तरार्ध का गाळला? तिथे दोषी ठरतो तो विश्वास न धरणारा. बाप्तिस्म्याचे नावही नाही. वधस्तंभावरच्या गुन्हेगाराला सुखलोकाचे वचन मिळाले, त्याला कोणी पाण्यात उतरवले होते? तो अपवाद, असे म्हणतील. म्हणून मी एका अख्ख्या मंडळीबद्दल विचारते.

मुक्तिफौज १८८२ साली मुंबईत आली. ती बाप्तिस्मा देत नाही, प्रभुभोजनाचा विधी करत नाही. सैनिक होणारा झेंड्याखाली उभा राहून शपथ घेतो, एवढेच. नगरचे बूथ हॉस्पिटल याच लोकांचे. तिथे रोग्यांची शुश्रूषा करण्यात कित्येकांची हयात गेली. लेखकांनी हो किंवा नाही एवढेच सांगावे. १८८२ पासून या मंडळीत जे केवळ शपथेवर जगले आणि प्रभूचे नाव घेत गेले, त्यांच्यातल्या एकाचेही तारण झाले नाही काय?

रेव्हरंड टिळकांचे अभंग आपण मोठ्या प्रेमाने गातो. त्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यापायी संसाराची ताटातूट सोसली. त्यांना कोणी भित्रे म्हणणार नाही. त्याच टिळकांनी १९१७ साली मिशन सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, दोन्ही ख्रिस्तशिष्यांना जागा दिली. दोनच वर्षांत ते वारले. अभंग आपण ठेवून घेतले, दरबार विसरलो.

बाप्तिस्मा घ्यावाच, ती प्रभूची आज्ञा आहे. मी घेतला आहे, माझ्या मुलांनीही. पण तो तारण झालेल्याने घ्यायचा, तारण व्हावे म्हणून नव्हे.

आमच्या इथे गडावर जाणाऱ्यांना ताक-सरबत विकणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांचा नवा करार माठाशेजारी पत्र्याच्या डब्यात असतो, पावसाळी दमटपणाने पाने फुगलेली. घरच्यांची संमती नाही म्हणून बाप्तिस्मा राहिला. मध्यंतरी प्रार्थनासभेला बाहेरून आलेल्या उपदेशकाने त्यांना सर्वांदेखत विचारले, ‘बाई, मेल्यावर कुठे जाणार तुम्ही?’ त्या मुकाट्याने उठून गेल्या, पुन्हा आल्या नाहीत. ज्या महाडात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्या तालुक्यात पाण्यावरून माणसाला बाहेर काढता? तेही ख्रिस्ताच्या नावाने?

आणि भित्रे कोणाला म्हणता? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याचा तो दर्जा जातो. शिखांना तो १९५६ मध्ये मिळाला, बौद्धांना १९९० मध्ये. ख्रिस्ती अजून बाहेरच. बाप्तिस्म्याची नोंद झाली की जातीचा दाखला अडचणीत येतो. मुलीची शिष्यवृत्ती बुडेल म्हणून थांबलेल्या बापाला भित्रा म्हणायला काय लागते? लेखकांनी त्याला तारणातून काढण्याआधी या आदेशाविरुद्ध एक तरी पत्र लिहावे आणि संपादकांनी ते याच जागी छापावे.

– एक ख्रिस्ती वाचक, हिरकणीवाडी (ता. महाड, जि. रायगड)