फी माफ झाली, भाड्याचे काय?

दरवर्षी जून-जुलै उजाडला की आमच्याकडे माणसे दोन प्रकारचे कागद घेऊन येतात. एक जातीच्या दाखल्याचे, दुसरे उत्पन्नाच्या दाखल्याचे. अलीकडे तिसरी एक गोष्ट वाढली आहे, आणि तिच्यासाठी कागदच नसतो. पाटसच्या आमच्या वस्तीतील एक शेतमजूर बाप असाच रिकाम्या हाताने आला. मुलगी बारावी पास झाली, बारामतीला बी.कॉम.ला प्रवेश मिळाला. धाकटा मुलगा अकरावीला, तोही बारामतीलाच. बाप म्हणाला, "वकीलसाहेब, फी माफ झाली म्हणतात. पण रोज गाडीला पैसे कुठून आणू? दोघांना जमत नाही. एकाला घरी बसवावं लागंल." एकाला म्हणजे कोणाला, हे त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. दाराशी उभ्या असलेल्या त्या मुलीला मात्र ते आधीच कळले होते.

आता कायद्याचा माणूस म्हणून आम्ही या बापाला काय सांगायचे? अर्ज कोणत्या कलमाखाली करायचा? फी नाकारली तर भांडता येते, शिष्यवृत्ती अडवली तर समाजकल्याण खात्याच्या दारात बसता येते. पण गाडीच्या भाड्यामुळे शिक्षण सुटले तर त्याची नोंद कोणत्याच रजिस्टरात होत नाही. कॉलेज लिहिते, 'विद्यार्थिनी गैरहजर'. संपला विषय!

पाटस हे काही डोंगरकपारीतले गाव नाही. पुणे-सोलापूर महामार्ग गावावरून जातो, बारामतीचा फाटा इथूनच फुटतो, रेल्वे स्टेशन आहे, साखर कारखाना आहे, कुरकुंभची औद्योगिक वसाहत हाकेच्या अंतरावर आहे. रस्त्याने दिवसरात्र गाड्या धावतात आणि टोलनाक्यावर रांगा लागतात. म्हणजे वाहतुकीला तोटा नाही. तोटा आहे तो खिशात पैसे नसलेल्या पोराला त्या वाहतुकीत जागा मिळण्याचा. शिकायला जायचे तर दौंड, बारामती नाहीतर साठ-पासष्ट किलोमीटरवरचे पुणे. घरात मोटारसायकल असलेल्याला हा प्रश्न पडतच नाही. तो पडतो ते कुणाला, हे वस्तीकडे बोट दाखवून सांगण्याची गरज नाही.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. एस.टी.त ग्रामीण भागातील मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेखाली मोफत पास मिळतो. आधी ती सवलत दहावीपर्यंत होती, पुढे बारावीपर्यंत वाढली. इतर विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्सा भरावा लागतो. मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे. यामुळे हजारो मुली शाळेत टिकल्या हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पण नेमके बारावीला हे फुकटचे दार बंद होते, आणि आमच्या घरांत मुलीच्या लग्नाचा विषयही नेमका तेव्हाच निघतो. म्हणजे सरकारने जिथे हात सोडला, तिथेच घरही हात सोडते!

हिशेबच मांडू. एका फेरीचे भाडे पन्नास रुपये धरा. जानेवारी २०२५ मध्ये एस.टी.ची जवळपास पंधरा टक्के भाडेवाढ झाल्यावर पन्नास रुपयांत फार लांब जाता येत नाही, तरी धरा. सवलतीनंतर सतरा रुपये, जाऊन-येऊन चौतीस. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर साडेआठशे. वर्षाचे दहा महिने धरले तर साडेआठ हजार, आणि दोन भावंडे असतील तर सतरा हजार. आता दुसऱ्या बाजूला ठेवा भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. घरून ये-जा करणाऱ्या बी.ए., बी.कॉम.च्या विद्यार्थ्याला तिच्यातून फीशिवाय मिळतात वर्षाला ३,००० रुपये, आणि तेही वेळेवर आले तर. एका पोराची चार महिन्यांची गाडीसुद्धा त्यात भागत नाही. वह्या-पुस्तके, परीक्षेचे अर्ज आणि दुपारचा वडापाव बाजूलाच राहिले.

यापेक्षा गंमत पुढे आहे. तोच विद्यार्थी गाव सोडून पुण्यात खोली घेऊन राहिला, वसतिगृहात नंबर लागला नाही आणि अटीत बसला, तर २०१६-१७ पासूनच्या बाबासाहेबांच्या नावाच्या स्वाधार योजनेतून त्याला वर्षाला ६० हजारांपर्यंत रक्कम मिळू शकते. स्वाधार योजना चांगली आहे, ती टिकलीच पाहिजे. पण मुलीला शहरात एकटी ठेवायला जे घर धजत नाही, आईच्या आजारपणामुळे ज्या पोराला रात्री घरी परतावेच लागते, त्याने काय करायचे? सरकारच्या लेखी तो घरी राहतो म्हणून त्याला खर्चच नाही. रोज पहाटे पाचला उठून थांब्यावर उभा राहणारा हा विद्यार्थी सरकारच्या हिशेबात बसतच नाही.

शिक्षण आणि प्रवास यांचे नाते आमच्या समाजाला कुणी शिकवायला नको. १९०१ सालची गोष्ट आहे. साताऱ्यात राहणारी काही मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत गोरेगावला नोकरीवर असलेल्या वडिलांना भेटायला निघाली. रेल्वेने मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे, खिशात भाड्याचे पैसे. निरोप न पोहोचल्याने न्यायला कुणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने जात विचारली आणि मुलांनी खरे सांगितले. मग एकही गाडीवान बसवून घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण कबूल झाला, तेही मुलांनी स्वतः बैलगाडी हाकायची आणि आपण बाजूने चालायचे या अटीवर. त्या मुलांत नऊ-दहा वर्षांचे भीमराव होते. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी हा प्रसंग सर्वांत आधी घेतला आहे, तो उगाच नाही. पैसे असूनही गाडी मिळत नव्हती, तो तो काळ. आज गाडीत बसायला कुणी अडवत नाही, गाडीवानाच्या जागी तिकिटाचे मशीन आले आहे आणि ते जात विचारत नाही. ते पैसे विचारते. आणि पैसे कुणाकडे नाहीत, याचे उत्तर अजूनही पुष्कळसे जातीच्या दाखल्यावरच लिहिलेले असते.

आता शहराकडे वळू. पुणे महापालिका आपल्या शाळांतील पाचवी ते दहावीच्या मुलांना पी.एम.पी.चा मोफत पास देते, आणि हद्दीतील खासगी शाळांतील मुलांच्या पासाचा ७५ टक्के भार स्वतः उचलते. म्हणजे पोरांच्या प्रवासाचे पैसे सार्वजनिक तिजोरीतून भरणे हे कायद्याने अशक्य आहे, असे कुणी म्हणू नये. पुण्यात ते चालू आहे. पण ते दहावीला संपते आणि हद्दीच्या पाटीपाशी थांबते. कॉलेजच्या मुलांसाठी कोण? इथे दुसरी संस्था पुढे यायला हवी, आणि ती म्हणजे विद्यापीठ.

पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. २०१४ मध्ये त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीन जिल्हे त्याच्या क्षेत्रात येतात. दौंड-शिरूरच्या पोरांची परीक्षा फी त्याच्याच तिजोरीत जमा होते. 'कमवा आणि शिका' योजना हे विद्यापीठ चालवते, त्यातून अनेक गरीब मुले शिकली. मग प्रवासाचा वाटा उचलायला काय हरकत आहे? अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात चॅपल हिल नावाचे विद्यापीठाचे गाव आहे. तिथे जानेवारी २००२ पासून शहर बसला तिकीटच नाही. खर्च चॅपल हिल, शेजारचे कारबरो आणि विद्यापीठ असे तिघे मिळून वाटून घेतात. विद्यार्थी असो, झाडूवाला असो की प्राध्यापक, चढायचे आणि बसायचे. श्रीमंत देशाचे सोडा म्हणाल, तर आपल्या शेजारच्या कर्नाटकने जून २०२३ पासून सरकारी साध्या बसमध्ये राज्यातील महिलांना प्रवास मोफत केला आहे.

आमची मागणी एवढी मोठीही नाही. पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका, जिल्हा परिषद आणि विद्यापीठ यांनी एकत्र बसून एक निधी करावा, पी.एम.पी. आणि एस.टी.ने पास द्यावा आणि त्याची रक्कम त्या निधीतून घ्यावी. सुरुवात अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील कॉलेजच्या मुला-मुलींपासून करा. एस.टी. तोट्यात आहे, तिच्या डोक्यावर आणखी सवलत टाका असे आम्ही म्हणत नाही. २०२१-२२ च्या संपात एस.टी. थांबली तेव्हा खेड्यातल्या शाळा-कॉलेजांचे काय झाले हे आम्ही पाहिले आहे. म्हणूनच भरपाई रोख हवी, नाहीतर पास हातात असेल आणि गाडीच येणार नाही.

लगेच कुणीतरी म्हणेल, पुणेकरांच्या कराचा पैसा पाटसच्या पोरावर का? का म्हणजे? पुणे शहराचे सांडपाणी मुळा-मुठेतून दौंड तालुक्यात येते आणि भीमेला मिळते. नदीकाठच्या गावांना त्या पाण्याचा वास कसा येतो हे एकदा येऊन पाहावे. खडकवासल्याच्या पाण्यात आधी शहराचा वाटा, मग कालव्याचा. शहराला दूध, भाजी, ऊस, बांधकामावरचा मजूर सगळे इकडूनच हवे. शहराने हद्दीबाहेरून एवढे घ्यायचे आणि द्यायची वेळ आली की हद्दीची पाटी दाखवायची, हा कुठला न्याय?

कायदाही आमच्या बाजूला आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक हिताची विशेष काळजी राज्याने घ्यावी असे घटनेचे ४६ वे कलम सांगते. हिमाचल प्रदेश विरुद्ध उमेद राम शर्मा या १९८६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डोंगराळ भागातील लोकांचा रस्त्याचा हक्क जगण्याच्या हक्कात बसवला, आणि तो रस्ता मागणारे गरीब दलितच होते. रस्ता हक्काचा असेल तर त्यावरून शाळेला नेणारी गाडी कशी उपकाराची ठरते?

पैसा नाही ही सबबही खरी नाही. जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नाचे २० टक्के आणि ग्रामपंचायतीने १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. त्या पैशाचे रस्त्याचे काँक्रीट, समाजमंदिराची रंगरंगोटी आणि पथदिवे होतात, कारण त्यात ठेकेदार असतो. पासात ठेकेदार नसतो! मानव विकास कार्यक्रमात राज्यातील १२५ मागास तालुक्यांत मुलींसाठी निळ्या गाड्या मोफत धावतात. दौंड त्या यादीत नाही, कारण तालुका ऊसवाला, म्हणजे सधन. तालुका सधन म्हणजे वस्ती सधन, असे गणित मंत्रालयात बसून कोण करतो?

आणि थोडे घरचेही बोलू. १४ एप्रिलला एका रात्रीच्या डी.जे.ला आपण जी वर्गणी देतो, तीत तीन-चार मुलींचा वर्षाचा पास निघतो. जयंती करू नका असे आम्ही म्हणणार नाही, आम्हीही मिरवणुकीत असतो. पण १९४२ च्या सुमारास व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात बसलेल्या बाबासाहेबांनी सरकारकडून पहिली मोठी गोष्ट मागितली ती आपल्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी पैसा, हे भोंग्याच्या आवाजात ऐकू यायला हवे.

निधी होईल तेव्हा होईल. आज हातात असलेले तरी घेऊ. रेल्वेत मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत घर ते शाळा-कॉलेज असा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत आहे. इतर विद्यार्थ्यांना निम्मी आणि अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना ७५ टक्के सवलत आहे. २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांची सवलत गेली, विद्यार्थ्यांची शाबूत राहिली. पुणे-दौंड मार्गावर २०१७ पासून डेमू गाडी धावते. पाटस, कडेठाण, केडगाव, खुटबाव, यवत, उरुळी इथल्या किती मुलींना हे ठाऊक आहे? आमच्याकडे आलेल्या त्या मुलीला याचा उपयोग नाही, तिची वाट बारामतीची. तिच्या पहिल्या वर्षाच्या पासाची सोय वस्तीतील चार कर्मचाऱ्यांनी मिळून केली आहे. दुसऱ्या वर्षाचे अजून ठरायचे आहे.

रेल्वेच्या पासासाठी कॉलेजच्या सही-शिक्क्याचे सवलत प्रमाणपत्र लागते. ते मागा, 'असं काही नसतं' असे उत्तर मिळाले तर लेखी मागा. एका कार्यालयात आमच्या एका मुलाला 'बौद्ध म्हणजे एस.सी. नाही' असे सांगून परत पाठवले गेले. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा समावेश केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात झालेला आहे. त्याची प्रत आम्ही काढून ठेवली आहे. दर रविवारी सकाळी वंदनेनंतर आम्ही वस्तीतील विहारात अर्ज भरून देतो. येताना बोनाफाईड, केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला आणि दोन फोटो आणावेत. मुलगी घरी बसली असेल, तर तिलाही सोबत आणावे.