गाडी सोडलेल्या वृद्धांचा प्रश्न

पंढरपूरविषयी अग्रलेख लिहावयाचा म्हणजे तो वारीवर, चंद्रभागेच्या पाण्यावर किंवा मंदिराच्या व्यवस्थेवर असावयाचा, असा एक संकेतच पडून गेला आहे. आज पहिल्या पानावर आम्ही जो विषय घेत आहोत तो यांपैकी कोणताही नाही. वर्षातून चार वेळा येऊन जाणाऱ्या लक्षावधी यात्रेकरूंचा विचार करण्यास शासन आहे, समित्या आहेत, बैठका आहेत. परंतु याच गावात बारा महिने राहणाऱ्या, आणि वयोमानामुळे स्वतःचे वाहन चालविणे सोडलेल्या वृद्ध नागरिकाने घरापासून दवाखान्यापर्यंत जावे कसे, हा विचार कोणाच्याच विषयपत्रिकेवर नाही. तो तेथे यावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

हा नागरिक आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. तो निवृत्त शिक्षक आहे, बँकेतून किंवा कचेरीतून निवृत्त झालेला कारकून आहे, पेठेतला जुना दुकानदार आहे. त्याने उमेदीची वर्षे सायकलवर काढली, पुढे लूना घेतली, मग स्कूटर घेतली. मोटारगाडी त्याच्या दारात बहुधा कधी आलीच नाही. त्याची सारी ये-जा त्या दुचाकीवर. एके दिवशी संध्याकाळी समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यांत जातो, तोल जातो, खरचटण्यावर निभावते. पुण्याहून मुलाचा दूरध्वनी येतो आणि किल्ली कपाटात जाते. मुलाचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या किल्लीबरोबर आणखी काय काय कपाटात गेले, याचा हिशेब कोणी करीत नाही. आणि त्याच्या पत्नीचे काय? त्या पिढीतील बहुसंख्य स्त्रिया वाहन चालविण्यास कधी शिकल्याच नाहीत; पतीच्या मागे बसून त्या बाजारात, माहेरी, लग्नकार्याला गेल्या. एक दुचाकी बंद पडली की दोन माणसांचे पाय बांधले जातात. पती आधीच निवर्तला असेल तर तिचे पाय त्याच दिवशी बांधले गेलेले असतात.

हा चार-दोन घरांचा प्रश्न आहे, असे कोणी समजू नये. 1961 च्या जनगणनेत साठी उलटलेल्यांचे प्रमाण देशात शंभरात सहाहूनही कमी होते. 2011 च्या जनगणनेत ते साडेआठांवर गेले, आणि महाराष्ट्रात तर ते शंभरात दहाच्या घरात होते. पंढरपूर नगरपरिषदेच्या हद्दीतील लोकसंख्या त्या वेळी लाखाच्या आसपास होती. राज्याचेच प्रमाण येथे लावले तरी गावात दहा हजारांच्या आसपास वृद्ध होतात, आणि तो हिशेबही आता जुना झाला. तरुण मुले पुणे-मुंबईस आणि त्याही पलीकडे जातात, आईवडील मागे राहतात. तेव्हा मुलांनी गाव सोडलेल्या पेठांत आणि वसाहतींत हे प्रमाण त्याहून मोठे असणार, हे कोणाच्याही ध्यानात येईल.

कायद्याचे लक्ष या वयाकडे आहे, पण एकाच अंगाने. पंचावन्न वर्षांनंतर वाहनपरवाना एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतो आणि त्यासाठी वैद्यकीय दाखला लागतो. रस्त्यावरील सर्वांच्या सुरक्षिततेसाठी हे योग्यच आहे. परंतु परवाना संपल्यावर त्या माणसाने करावे काय, हे कोणताही नियम सांगत नाही.

सवलतींचा विचार करू. राज्य परिवहन महामंडळाने 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील नागरिकांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य केला. 65 ते 75 या वयात अर्धे तिकीट आहे. मार्च 2023 पासून स्त्रियांनाही अर्धे तिकीट लागू झाले. ही मोठी गोष्ट आहे आणि तिचे श्रेय शासनाला दिलेच पाहिजे. रेल्वेने मात्र साठीच्या पुढील पुरुषांस चाळीस टक्के आणि अठ्ठावन्नच्या पुढील स्त्रियांस पन्नास टक्के मिळणारी भाड्यातील सूट मार्च 2020 मध्ये साथीचे निमित्त करून बंद केली; साथ गेली, सूट परत आली नाही. पण क्षणभर ती आली असे धरले, तरी आमचा प्रश्न सुटत नाही. एस.टी.ची ही सवलत गावोगावच्या प्रवासाला आहे, शहरांतर्गत वाहतुकीला नाही. म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजोबांना पंढरपूरहून मुंबईस एक पैसा न देता जाता येते. इसबावीहून उपजिल्हा रुग्णालयात जावयाचे तर मात्र रिक्षा करावी लागते. लांबचा प्रवास माणूस वर्षातून दोनदा करतो, जवळचा आठवड्यातून चारदा. सवलत आहे ती दोनदांसाठी.

रिक्षावाल्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्यांचे पोट यात्रेकरूंवर चालते. वृद्धाला हात धरून चढविणारे, औषधांची पिशवी दारापर्यंत नेऊन देणारे रिक्षावाले या गावात आहेत. परंतु निवृत्तिवेतनावर किंवा मुलाने पाठविलेल्या पैशांवर जगणाऱ्यास जाण्या-येण्याचे भाडे रोज परवडत नाही, आणि यात्रेच्या गर्दीत जवळचे भाडे घेण्यास कोणी राजी नसते. परिणाम असा होतो की वृद्ध माणूस आपल्या गरजा कमी करू लागतो. प्रथम वाचनालय सुटते, मग कीर्तन सुटते, मग मित्राकडे जाणे सुटते. पुढे रक्तदाबाची तपासणी महिन्यावरून तीन महिन्यांवर जाते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी बँकेत जाणे हे एक संकट होऊन बसते. जिवंत असल्याचा पुरावा देण्यासाठी ज्याला शेजाऱ्याच्या पाया पडावे लागते, त्याच्या मनाचे काय होत असेल? काही जण तर या लाचारीपेक्षा अंधुक दृष्टीने गाडी चालवीत राहणे पत्करतात, आणि तेव्हा धोका त्यांच्यापुरता राहत नाही.

हा अनुभव जगात इतरांनाही आलेला आहे. जपानमध्ये वृद्ध चालकांनी परवाना स्वेच्छेने परत करण्याची सोय 1998 पासून आहे. 2019 मध्ये टोकियोत एका अतिवृद्ध चालकाच्या हातून भीषण अपघात झाला आणि त्या एका वर्षात सुमारे सहा लाख लोकांनी परवाने परत केले. पण त्या देशाने केवळ परवाने गोळा केले नाहीत. टोकियोजवळच्या मुसाशिनो या नगराने 1995 मध्येच अरुंद गल्ल्यांतून फिरणाऱ्या लहान बसगाड्या सुरू केल्या. भाडे सरसकट शंभर येन, आणि थांबे सुमारे दोनशे मीटरांवर, कारण वृद्ध माणूस थांब्यापर्यंतच चालू शकला नाही तर बस असून नसून सारखीच. पुढे कितीतरी जपानी नगरांनी हा कित्ता गिरविला.

आपल्या गावाला हे अशक्य आहे काय? पंढरपूर हे पसरलेले महानगर नव्हे. रेल्वे स्थानक, बसस्थानक, उपजिल्हा रुग्णालय, भाजी मंडई, बँका आणि इसबावीकडील नव्या वसाहती यांना जोडणारी एक वर्तुळाकार फेरी आखली आणि ती पाऊण तासाची धरली, तर दोन लहान गाड्यांत दर पंचवीस मिनिटांच्या आत गाडी मिळते. पायरी ठेंगणी असावी, धरावयास दांडा असावा, हात दाखवील तेथे गाडी थांबावी आणि प्रवासी बसल्याखेरीज ती हलू नये. नगरपरिषद आणि एस.टी. महामंडळ यांनी एकत्र बसून सहा महिन्यांचा प्रयोग करून पाहावा. जेथे गाडी जाऊ शकत नाही अशा जुन्या पेठांतील बोळांसाठी रिक्षा संघटनांशी बोलून पंचाहत्तरीपुढील नागरिकांस अर्ध्या भाड्याची कुपने द्यावीत आणि उरलेले अर्धे भाडे नगरपरिषदेने सोसावे. स्टेशन रोडसारख्या रस्त्यांच्या कडा चालण्यास मोकळ्या कराव्यात आणि ठराविक अंतरावर बसण्यास बाके ठेवावीत. कारण वृद्धाचे पहिले वाहन त्याचे पायच आहेत.

पैसा कोठून आणावयाचा, असे विचारले जाईल. ही फेरी केवळ गावकऱ्यांची राहणार नाही, हे त्याचे पहिले उत्तर. बारा महिने येथे येणाऱ्या भाविकांत वृद्धांचाच भरणा मोठा असतो. स्थानकावरून मंदिराच्या जवळ ठराविक भाड्यात पोचविणारी गाडी त्यांनाही हवीच आहे, आणि त्यांच्या तिकिटांतून खर्चाचा मोठा भाग निघू शकेल. दुसरे उत्तर असे की, नोव्हेंबर 2021 मध्ये ज्यांची पायाभरणी झाली ते रुंद पालखी मार्ग या गावापर्यंत आणण्यास पैसा मिळतो; मग गावातल्या शेवटच्या दोन मैलांसाठी तो मिळत नाही, हे पटणारे नाही.

यात्रेच्या दिवसांचा वेगळा उल्लेख केला पाहिजे. त्या दिवसांत मंदिराच्या परिसरात वाहनांना बंदी असते, आणि ती असलीच पाहिजे. परंतु त्याच परिसरातील घरांत अंथरुणाला खिळलेली माणसे आहेत, ठराविक दिवशी उपचारासाठी जावे लागणारे रुग्ण आहेत. अशा घरांची यादी यात्रेपूर्वी करून त्यांना पास द्यावा आणि पोलिसांच्या संमतीने एक-दोन वाहने त्यांच्यासाठी राखावीत. याला विशेष खर्च नाही. केवळ आठवण हवी.

वृद्धांची काळजी मुलांनी घ्यावी, नगरपरिषदेने का, असाही एक आक्षेप आहे. मुलांचे कर्तव्य कोणी नाकारीत नाही. 2007 च्या कायद्याने तर आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी त्यांच्यावर टाकलेलीच आहे. पण मुलगा पैसे पाठवू शकतो, मंगळवारी दहा वाजता दारात गाडी उभी करू शकत नाही. शिवाय ज्याने आयुष्यभर घरपट्टी भरली, त्याने गावातल्या गावात फिरण्यासाठी रोज कोणाच्या तरी उपकाराची वाट पाहावी, हे त्या माणसालाही शोभत नाही आणि गावालाही नाही.

मे 1947 मध्ये साने गुरुजींनी याच गावात दहा दिवस उपोषण करून विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी उघडविले. त्या लढ्याची आणि आजच्या गैरसोयीची बरोबरी आम्ही करीत नाही. पण जे सर्वांचे आहे तेथवर सर्वांना पोचता आले पाहिजे, ही शिकवण या गावाला नवी नाही. वारीत एखाद्या वृद्ध वारकऱ्याचे पाय चालेनासे झाले तर दिंडी त्याला वाटेवर टाकून पुढे जात नाही. सामानाच्या गाडीत जागा करून ती त्याला बरोबर आणते. दिंडीला जे साधते ते नगरपरिषदेला साधू नये, असे मानण्यास आम्ही तयार नाही. येत्या अंदाजपत्रकात या फेरीसाठी एक स्वतंत्र रक्कम धरली जावी, ही आमची मागणी आहे. आणि प्रत्येक प्रभागातील नागरिकांनी आपल्या प्रतिनिधीस ती धरली की नाही, हे विचारावे, ही विनंती.