आरोग्य-संवाद : कन्या शिकायला निघाली, तिच्याशी बोललात का?



निकाल लागले, प्रवेश झाले. श्रीरामपूर, संगमनेर, राहुरी, शेवगाव, जामखेड येथील आपल्या अनेक घरांतून कन्या पुण्याच्या वाटेला लागल्या आहेत. कोणी वाणिज्य शाखेसाठी, कोणी सीएच्या तयारीसाठी, कोणी फार्मसीसाठी. सामान बांधताना खाकरे, लाडू, सुकी चटणी, सामायिकाचे आसन, काहीही विसरत नाही. बँकेचे व्यवहार आणि वसतिगृहात परतण्याची वेळ यांविषयीच्या सूचनाही देऊन झालेल्या असतात. परंतु ज्या शरीराला घेऊन ती निघाली आहे, त्याच्या आरोग्याविषयी आईने एक शब्दही उच्चारलेला नसतो. या मौनालाच आपण मर्यादा समजतो. वस्तुतः मर्यादा बोलण्याच्या रीतीत असते, अज्ञानात नसते.

हे मौन केवळ घरचे नाही. २००७ साली महाराष्ट्रात शाळांमधील लैंगिक शिक्षणास बंदी घालण्यात आली. आज महाविद्यालयात असलेल्या अनेक मुली त्याच सुमारास जन्मल्या. शाळेने सांगितले नाही, घराने सांगितले नाही. मग मोबाईल सांगतो, आणि तो काय सांगतो याचा विचार न केलेलाच बरा. त्यातून आपली गावे लहान. औषधाच्या दुकानातील गृहस्थ वडिलांचे स्नेही, तर फॅमिली डॉक्टर घरच्यासारखे. त्यामुळे खाज, जळजळ, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा महिनोन्महिने न येणारी पाळी यांविषयी मुलगी कोणाकडेही तोंड उघडत नाही. साध्या औषधाने बरे होणारे दुखणे अंगावर काढले जाते. काही जंतुसंसर्ग वेळीच उपचार न झाल्यास गर्भनलिकांपर्यंत पोहोचतात आणि पुढे मातृत्वात अडथळा आणतात. लग्नानंतर चार वर्षांनी मोठमोठ्या रुग्णालयांचे उंबरठे झिजवताना कारण शोधले जाते. ते कधी कधी या मौनात दडलेले असते.

हे मौन मोडण्याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी बाहेरून तज्ज्ञ आणून प्रत्येक गावात बसवले नाहीत. गावाने आपल्यातीलच एक स्त्री निवडायची आणि तिला जामखेडला शिक्षण द्यायचे, अशी रीत ठेवली. यांतील कित्येक स्त्रियांना अक्षरओळखही नव्हती. तरीही गर्भारपण, बाळंतपण, कुटुंबनियोजन यांविषयी त्या आपल्या गावातील स्त्रियांशी बोलू लागल्या, कारण बोलणारी आणि ऐकणारी एकाच पाणवठ्यावरच्या होत्या. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार लाभला. पुढे किशोरवयीन मुलींचे गटही तेथे तयार झाले; शरीराची ओळख, पाळी, आरोग्य आणि स्वतःचे रक्षण यांचे शिक्षण त्यांना मिळू लागले. निरक्षर भगिनी जे बोलू शकल्या, ते आपल्या घरातील पदवीधर मातेला अवघड का वाटावे?

तर मग कन्येला काय सांगावे?

प्रथम पाळीविषयी. दोन पाळ्यांमधील २१ ते ३५ दिवसांचे अंतर सर्वसाधारण मानले जाते. सलग तीन महिने पाळी आली नाही, सात दिवसांहून अधिक रक्तस्राव झाला किंवा वेदनेने वर्ग बुडू लागले, तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. आपल्याकडे एक प्रथा रूढ झाली आहे. लग्नकार्य, तीर्थयात्रा किंवा पर्युषण आले की पाळी लांबवण्याची गोळी परस्पर आणून घ्यायची. नोरेथिस्टेरॉन हे संप्रेरक वर्गातील औषध आहे. रक्ताची गुठळी होण्याचा पूर्वेतिहास असलेल्या व्यक्तीस ते धोक्याचे ठरू शकते. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ते घेऊ नये, मैत्रिणीलाही देऊ नये. आणि या गोळीने गर्भधारणा टळते, असा समज कोणी करून घेऊ नये.

दुसरे, मूत्रमार्गाविषयी. महाविद्यालयातील अस्वच्छ शौचालयांमुळे मुली पाणी कमी पितात, लघवी रोखून धरतात आणि जळजळीला आमंत्रण देतात. चौविहार पाळणाऱ्या मुलींनी तर सूर्यास्तापूर्वी पुरेसे पाणी पिण्याकडे कटाक्षाने लक्ष द्यावे.

तिसरे, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी. भारतात दरवर्षी सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा रोग होतो आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावतात. त्याचे मूळ एचपीव्ही नामक विषाणूत आहे आणि त्याविरुद्ध लस उपलब्ध आहे. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या स्वदेशी लसीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली; ९ ते २६ वर्षे वयात ती देता येते. लहान वयात घेतलेली उत्तम. तथापि महाविद्यालयीन कन्येसाठीही वेळ गेलेली नाही. मातांसाठीही एक गोष्ट. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील गावांत ३० ते ५९ वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला होता. २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचे त्यात दिसले. म्हणून मुलीला लस आणि आईला तपासणी, असा दुहेरी संकल्प करावा.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक. शरीरसंबंधातून पसरणारे रोग कित्येकदा कोणतेही लक्षण दाखवत नाहीत. निरोधाच्या वापराने त्यांपैकी बहुतेकांचा धोका कमी होतो. तातडीची गर्भनिरोधक गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी परिणामकारक. मात्र ती रोगांपासून संरक्षण देत नाही आणि नेहमीच्या वापराची नव्हे. शासकीय रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी विनामूल्य आणि गोपनीय होते. किशोरवयीनांसाठी शासनाची ‘मैत्री’ केंद्रेही आहेत. आपल्याकडील अनेक मुलींचे लग्न पदव्युत्तर शिक्षण सुरू असतानाच होते. त्यांना तर हे ज्ञान लग्नाआधीच हवे. आणि ज्या स्पर्शाला मन राजी नाही त्याला स्पष्ट नकार देण्याचा अधिकार विवाहापूर्वीही आहे आणि विवाहानंतरही, हे मुलीला, तसेच मुलालाही सांगितले पाहिजे.

येथे काही वडीलधारी मंडळी विचारतील, ‘असे सांगितल्याने मुलींचे पाऊल वाकडे पडणार नाही का?’ काळजी खोटी नाही, ती मायेतून येते. परंतु युनेस्कोने देशोदेशींच्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात अशा शिक्षणाने तरुणांचे शरीरसंबंध लवकर सुरू होतात असे आढळले नाही. आपण व्यापारी माणसे. पेढी हाती देण्यापूर्वी मुलाला उधारीतील धोके शिकवतो, ते त्याने फसावे म्हणून नव्हे. शिवाय ज्या समाजाने अहिंसेला परम धर्म मानले, त्याला गर्भपाताचे दुःख अधिक जाणवते. अवांछित गर्भधारणा टाळण्याचे ज्ञान नाकारायचे आणि पुढे त्या दुःखाबद्दल मुलीलाच दोष द्यायचा, हा न्याय कसा? ज्याला ती वेळ येऊ नये असे वाटते, त्याने तर सर्वांआधी बोलले पाहिजे. शील हे जाणून घेतलेल्या निश्चयावर उभे राहते; अजाणतेपणाला शील म्हणता येत नाही.

बोलावे कोणी? आईने, तिला संकोच वाटल्यास मावशीने, काकूने वा मोठ्या वहिनीने. चौकशीच्या सुरात बोलू नये. ‘काही झाले तरी प्रथम मला सांग, मी रागावणार नाही,’ हे एक वाक्य दहा उपदेशांहून मोलाचे आहे. मात्र ते पाळताही आले पाहिजे. वडिलांनी एवढेच करावे की स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाण्याचा खर्च आणि कारण विचारू नये.

चातुर्मास जवळ येत आहे. आपापल्या गावची महिला मंडळे कार्यक्रमांची आखणी करतील. त्यांतील एक दुपार या विषयासाठी राखून ठेवावी. एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनीला पाचारण करावे, सभागृहात केवळ स्त्रिया व मुली असाव्यात, आणि प्रश्न नाव न लिहिता चिठ्ठीवर घ्यावेत. पहिल्या पाच चिठ्ठ्या वाचल्या गेल्या की पन्नास येतील. त्या पन्नास प्रश्नांना आज आपल्या घरांत उत्तर नाही. ते देण्याची सुरुवात आपण करू या.