स्वादुपिंडातील मेद आणि आपला दावा

सोनोग्राफीच्या अहवालातील ‘स्वादुपिंडात मेद’ हा शेरा वाचून धास्तावलेले रुग्ण आपल्याकडे येतात. पुढचा अहवाल ‘प्राकृत’ आला की औषधाने मेद विरघळला, असे सांगून आपण मोकळे होतो. आमच्या मते ही घाई शास्त्राला मारक आहे.

सोनोग्राफीत स्वादुपिंडाची शुभ्रता यकृत वा वृक्काशी ताडून ठरते. यकृतच मेदयुक्त असेल तर तुलना फसते. आंत्रातील वायूही पुष्कळदा हा अवयव झाकून टाकतो. मेदाचे प्रमाण टक्क्यांत मोजते ती विशिष्ट पद्धतीची एमआरआय. न्यूकॅसल येथील २०११ च्या अभ्यासात ११ मधुमेहींना ८ आठवडे रोज सुमारे ६०० कॅलरींचा आहार दिला. तेव्हा हा मेद ८ टक्क्यांवरून ६.२ टक्क्यांवर आला. एवढा सूक्ष्म फरक सोनोग्राफी कशी टिपणार? मात्र तो अपतर्पणाने घडला, हे आपल्या प्रमेहचिकित्सेस पोषकच आहे.

म्हणून वैद्यांनी वजन, कटीचा घेर व रक्तशर्करा नियमित नोंदवावी. औषधविक्रेत्यांनीही अहवालांच्या जोड्या दर्शनी लावू नयेत. मधुमेह बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्धच आहे. दावा मोजता येईल तेवढाच करावा. त्यातच वैद्याची प्रतिष्ठा आहे.