कैद्याला चारित्र्याचा दाखला कशाला?

अलेक्सी नवाल्नी 17 जानेवारी 2021 रोजी बर्लिनहून मॉस्कोला परतले आणि विमानतळावरच पकडले गेले. त्याआधी पाच महिने त्यांच्यावर नोव्हिचोक या विषाचा प्रयोग झाला होता. मरता मरता वाचलेला हा माणूस आपण होऊन मायदेशी आला होता. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्यांना ‘सदसद्विवेकाचे कैदी’ म्हणून जाहीर केले, आणि फेब्रुवारी संपायच्या आत ते बिरुद काढूनही घेतले. नवाल्नींनी 2007-08 च्या सुमारास काकेशसमधील लोकांविषयी आणि स्थलांतरितांविषयी काढलेले उद्गार द्वेषमूलक होते, असे कारण देण्यात आले. उद्गार किळसवाणेच होते, त्यावर पांघरूण घालायचे कारण नाही. पण नवाल्नींना त्या उद्गारांसाठी कोणीही अटक केली नव्हती. सत्ताधाऱ्यांचा भ्रष्टाचार चव्हाट्यावर आणला आणि पुतिन यांच्यासमोर उभे राहण्याची हिंमत दाखवली, म्हणून ते गजाआड होते. 2014 च्या ज्या खटल्यातील शिक्षा त्यांच्यावर नव्याने लादली गेली, तो निकाल मनमानीचा असल्याचे युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2017 मध्येच म्हटले होते. मे 2021 मध्ये अॅम्नेस्टीने माफी मागून बिरुद परत दिले आणि आपल्या आधीच्या निर्णयाचा वापर रशियन सरकारने नवाल्नींच्याच विरोधात केल्याची कबुलीही दिली. 16 फेब्रुवारी 2024 रोजी आर्क्टिक वर्तुळापलीकडच्या खार्प येथील वसाहत-तुरुंगात नवाल्नी मरण पावले. वय 47.

या प्रकरणाकडे एका संघटनेची जुनी चूक म्हणून पाहून पुढे जाता येणार नाही. ती जिथून उपजली, तो गोंधळ आपल्या सगळ्यांच्या डोक्यात आहे. या माणसाला कशासाठी डांबले, हा एक प्रश्न. हा माणूस आपल्याला कसा वाटतो, हा दुसरा. विवेकाचा कैदी कोण, हे ठरवताना पहिल्याचेच उत्तर पाहायचे असते. दुसरा त्यात मिसळला की आपण त्याच्या सुटकेची मागणी बाजूला ठेवून त्याच्या चारित्र्याची परीक्षा घेऊ लागतो, आणि ती परीक्षा बहुतेक वेळा तुरुंगाधिकाऱ्याच्याच पथ्यावर पडते.

मुळात ही कल्पना जन्मली तेव्हा ती पुरेशी स्पष्ट होती. 28 मे 1961 रोजी लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये पीटर बेनेन्सन या वकिलाने विस्मृतीत गेलेल्या कैद्यांवर लेख लिहिला. प्रामाणिकपणे बाळगलेले मत व्यक्त करण्यापासून ज्याला कैदेने वा अन्य मार्गाने रोखले आहे, आणि ज्याचे मत हिंसेचा पुरस्कार करत नाही, तो असा कैदी. इतकी साधी व्याख्या होती. पक्षपात शिरू नये म्हणून, या लेखातून उभ्या राहिलेल्या अॅम्नेस्टीच्या सुरुवातीच्या गटांनी तीन-तीन कैदी दत्तक घ्यावेत असे ठरले: एक पाश्चात्त्य देशातला, एक कम्युनिस्ट देशातला, एक नव्याने स्वतंत्र होत असलेल्या जगातला. आपल्या राजकारणाला सोयीचा तेवढाच कैदी निवडायची सोय त्यामुळे उरली नाही. हा नियम आजही कोणाही संपादकाने, कार्यकर्त्याने स्वतःला लावून पाहावा.

त्या पहिल्या लेखातल्या कैद्यांत अंगोलाचे कवी-डॉक्टर आगोश्तिन्यो नेतो होते. सालाझारच्या पोर्तुगालने त्यांना पकडले होते. पुढे 1975 मध्ये ते स्वतंत्र अंगोलाचे पहिले अध्यक्ष झाले आणि मे 1977 मधील बंडाच्या प्रयत्नानंतर त्यांच्याच राजवटीत हजारो माणसे मारली गेली. म्हणून 1961 मधली त्यांची कैद न्याय्य ठरते का? अजिबात नाही. एखाद्याला विवेकाचा कैदी म्हणणे म्हणजे त्याच्या भूतकाळाची वा भविष्याची हमी घेणे नव्हे.

हिंसेच्या अटीचा प्रश्न मात्र अधिक अवघड आहे, आणि ती अट नेल्सन मंडेलांइतकी कोणी कसाला लावली नाही. 1962 मध्ये संपाची चिथावणी दिल्याबद्दल आणि पारपत्राविना देशाबाहेर गेल्याबद्दल त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा अॅम्नेस्टीने त्यांना आपले मानले. रिव्होनिया खटल्यात त्यांनी घातपाताची योजना आखल्याचे न्यायालयासमोर उभे राहून स्वतःच सांगितले आणि जून 1964 मध्ये त्यांना जन्मठेप झाली. अॅम्नेस्टीने सदस्यांचे मत घेतले. मोठ्या बहुमताने अट कायम राहिली आणि मंडेला यादीबाहेर गेले. वर्णद्वेषी राजवटीने शांततेचे सगळे दरवाजे बंद केल्यावर शस्त्राकडे वळलेल्या माणसाला असे वगळणे आजही मनाला लागते. तरीही तो निर्णय समर्थनीय होता, असे आमचे मत आहे. एक तर तो मंडेलांच्या कृतीविषयी होता, त्यांच्या योग्यतेविषयी नव्हता. दुसरे म्हणजे यादीबाहेर काढताना संघटनेने त्यांना वाऱ्यावर सोडले नाही. खटला अन्याय्य असेल, शिक्षा अवाजवी असेल, तुरुंगात छळ होत असेल तर आपण बोलू, असे तिने ठरवले. आणि खुद्द मंडेलांनाही खोटी अहिंसा नको होती. हिंसेचा त्याग करा आणि सुटा, हा दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष बोथा यांचा 1985 चा देकार त्यांनी नाकारला.

गोमंतकाने हा भेद स्वतःच्या अंगावर भोगला आहे. त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांना 1946 मध्ये पोर्तुगीज सत्तेने लष्करी न्यायालयापुढे उभे केले आणि आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात पाठवले. त्यांची शस्त्रे म्हणजे सभा आणि लेखणी. बेनेन्सन यांची व्याख्या पंधरा वर्षे आधी आली असती तर कुन्हा तिच्यात नेमके बसले असते. आझाद गोमंतक दलाचे मोहन रानडे बसले नसते. त्यांनी पोलीस चौक्यांवर सशस्त्र हल्ले केले, 1955 मध्ये बेती येथील हल्ल्यात जखमी होऊन ते पकडले गेले. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला, तरी रानडे लिस्बनजवळच्या काशियाशच्या किल्ल्यात खितपत राहिले. सुटले ते जानेवारी 1969 मध्ये. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी समितीद्वारे किती वर्षे चिकाटीने धडपड केली, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. व्याख्येबाहेरच्या कैद्यासाठीही झटता येते, याचा आणखी कोणता पुरावा हवा? रानडे यांना सोडवण्यासाठी त्यांनी गोळी झाडलीच नव्हती, असे कोणाला म्हणावे लागले नाही. पोर्तुगालचे राज्य गोव्यातून संपल्यावरही त्यांना अडकवून ठेवणे हा सूड होता, इतके म्हणणे पुरेसे होते.

मंडेला आणि रानडे यांच्या बाबतीत हिंसा घडली होती आणि त्यांनी ती नाकारली नाही. खरा पेच आहे तो सरकार हिंसेचा आरोप करते आणि सिद्ध मात्र करत नाही तेव्हाचा. जगातले कोणते सरकार ‘मी याला मतासाठी पकडले’ असे म्हणते? ते करचुकवेगिरी म्हणते, देशद्रोह म्हणते, दहशतवाद म्हणते. ऑक्टोबर 2012 मध्ये युरोप परिषदेच्या संसदीय सभेने राजकीय कैद्याची व्याख्या मंजूर केली; अझरबैजानने तिला कसून विरोध केला होता. व्याख्या झाली खरी, पण तीनच महिन्यांनी अझरबैजानमधील राजकीय कैद्यांविषयीचा अहवाल त्याच सभेने 79 विरुद्ध 125 मतांनी फेटाळला. कैदी कोण हे राजकारण्यांच्या मतदानावर सोडले की असे होते. रशियातील ‘मेमोरियल’ ही संस्था कागदपत्रे आणि खटल्याची कार्यवाही तपासून राजकीय कैद्यांची यादी करत असे, आणि नाव यादीत आहे म्हणजे त्या माणसाची मते आम्हाला मान्य आहेत असे नव्हे, हेही नोंदवत असे. रीत हीच योग्य. डिसेंबर 2021 मध्ये रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती संस्था विसर्जित करण्याचा आदेश दिला, आणि 2022 च्या शांतता नोबेलमध्ये तिला वाटा मिळाला.

आता आपल्याकडे पाहू. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या (यूएपीए) कलम 43-डी(5) नुसार, पोलिसांच्या कागदांवरून आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला की जामीन बंद. म्हणजे हिंसेचा शिक्का सरकार मारते आणि तो तपासला जाण्याआधीच माणूस वर्षानुवर्षे आत राहतो. एल्गार परिषद-भीमा कोरेगाव खटल्यात फादर स्टॅन स्वामी 84 व्या वर्षी, जामिनाची वाट पाहत, 5 जुलै 2021 रोजी मुंबईत मरण पावले, तोवर आरोपनिश्चितीही झाली नव्हती. त्याच खटल्यात व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना सुमारे पाच वर्षांनी, जुलै 2023 मध्ये जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हिंसेचा प्रचार करणारे साहित्य केवळ जवळ असणे हा या कायद्याखालचा दहशतवादाचा गुन्हा होत नाही. हे सांगायला पाच वर्षे लागावीत?

या खटल्यातील आरोपी निर्दोष आहेत की दोषी, हे आम्ही ठरवणार नाही. ते न्यायालयाने पुरावा पाहून ठरवायचे आहे, आणि त्यासाठी खटला चालायला हवा. ज्याच्यावरचा हिंसेचा आरोप तपासायला सरकारला सवड नाही, त्याला हिंसक म्हणून वर्षानुवर्षे डांबण्याचा अधिकारही सरकारला नाही. यूएपीएखालील प्रत्येक खटल्यात आरोपनिश्चितीला कालमर्यादा घालावी, ती उलटली तर आरोपीला जामीन मिळावा आणि 43-डी(5) ची अट त्याच्या आड येऊ नये, अशी दुरुस्ती केंद्र सरकारने संसदेत आणावी. आणि वाचकांना विनंती: ज्यांची मते तुम्हाला मुळीच पटत नाहीत, अशा कैद्यांसाठीही ही मागणी करा.